मागचे हौसिंग किती तापू द्यायचे?

चोपड्याच्या एका ट्रकमालक भावाने विचारले आहे. गाडी दहा चाकी, ओढणारा एक्सल एकच. केळी भरायची, शिरपूरवरून बिजासन घाट चढायचा, इंदूर गाठायचे आणि तिथून दिल्ली. एप्रिल लागल्यापासून सेंधव्याला चहाला थांबले की मागच्या हौसिंगवर, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधल्या लोखंडी पेटीवर, हात ठेववत नाही. एक मिस्त्री म्हणाला, उन्हाळा आहे, तापणारच. दुसरा म्हणाला, ९० नंबरचे गिअर ऑइल काढून जाड १४० टाका. तिसऱ्याने थेट डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांत वाटणारा हौसिंगमधला गिअरसंच, खोलायला सांगितले. भाऊंचे प्रश्न तीन आहेत: तेल किती अंशांपर्यंत तापले तर चालते, ते बघायला मीटर बसवावा का, आणि तेल बदलावे का.

भाऊ, गाडी आज खोलू नका. आवाज नाही, गळती नाही, ॲव्हरेज पडलेले नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. नुसत्या हाताच्या अंदाजावर क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधला मोठा आणि छोटा गिअर) उघडणे म्हणजे चांगली बसलेली जोडी मोडणे. हाताची मर्यादा समजून घ्या. लोखंड ५०-५५ अंशांवर गेले की आपण दोन-चार सेकंदांत हात काढून घेतो. ५५ ला काढतो, ७० ला काढतो आणि १३० लाही काढतो. डिफरन्शियलच्या तेलासाठी ७० अंश म्हणजे आराम आणि १३० म्हणजे संकट, पण हाताला दोन्ही सारखेच. त्यामुळे 'हात ठेववत नाही' या वाक्यातून मला फक्त एवढेच कळते की गाडी चालून आली आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे हवाच ४४-४५ अंशांची असते. तिथे भर घेऊन घाट चढलेल्या गाडीचे हौसिंग हाताला सोसेल असे राहिले तर ते नवल.

मग चांगले-वाईट ठरवायचे कसे? एक गोष्ट पक्की धरा. तेलाच्या तापमानातून त्या वेळच्या हवेचे तापमान वजा करा आणि उरलेला आकडा बघा. तोच आकडा त्याच गाडीच्या, त्याच ठिकाणच्या, तेवढ्याच लोडच्या मागच्या आकड्याशी ताडून बघा. डिसेंबरात रात्री १२ अंशांच्या हवेत तेल ९० वर गेले, तर ते हवेपेक्षा ७८ ने वर आहे आणि सपाट रस्त्यावर ते मला अजिबात आवडणार नाही. मे महिन्यात दुपारी ४४ अंशांत तेच तेल ९० वर असेल तर ते ४६ ने वर, म्हणजे गाडी ठणठणीत. आकडा दोन्ही वेळा ९० च. बहुतेक ड्रायव्हर मीटरचा नुसता आकडा सांगतात, हवा सांगत नाहीत, लोड सांगत नाहीत, आणि मग हिवाळ्यात सुरू झालेला बिघाड उन्हाळ्यात उघडा पडतो.

ही उष्णता येते कुठून तेही सांगतो, कारण ते कळले की उपाय आपोआप सुचतात. क्राऊन-पिनियनचे दात बहुतेक गाड्यांत हायपॉइड असतात. पिनियनची मध्यरेषा क्राऊनच्या मध्यरेषेतून जात नाही, थोडी बाजूला असते. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. या घासण्यात, बेअरिंगांत आणि तेल घुसळण्यात मिळून ताकदीतला चार-पाच टक्के भाग उष्णता होऊन जातो. १८० हॉर्सपॉवरची गाडी पूर्ण जोर लावून चढत असेल तर एक्सलपर्यंत सुमारे १२० किलोवॅट पोहोचतात. त्याचे चार-पाच टक्के म्हणजे पाच-सहा किलोवॅट. घरातले तीन गिझर हौसिंगच्या आत एकदम चालू करून ठेवावेत, एवढी ही उष्णता. दीड-दोनशे किलो लोखंड आणि दहा-बारा लिटर तेल ती पोटात घेते. हिशेब केला तर, बाहेर काहीच उष्णता गेली नाही असे धरून, तेल मिनिटाला जवळपास ३ अंश चढायला हवे. वारा काही काढून नेतो, म्हणून प्रत्यक्षात दीड ते दोन अंश चढते.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की डिफरन्शियल उशिरा तापते आणि उशिरा निवते. इंजिनाचा काटा चढण लागताच हलतो. इथे घाट संपताना आकडा सर्वांत वर असतो. म्हणून घाटाच्या पायथ्याशी घेतलेले माप घाटाबद्दल काही सांगत नाही. दुसरी गोष्ट वाऱ्याची. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ताशी १५ किलोमीटरने गाडी चढते तेव्हा ताकद पूर्ण लागते पण हौसिंगवरून वारा जवळपास वाहत नाही. वर दात हळू फिरत असल्याने त्यांच्यामधला तेलाचा थरही पातळ राहतो. थर पातळ, दाब मोठा आणि वारा नाही, हे तिन्ही घाटात एकाच वेळी जुळते. महामार्गावर ६० च्या वेगात तीच गाडी तासन् तास चालते आणि तेल एका ठिकाणी स्थिर होऊन बसते.

आता आकडे. गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात मर्यादा दिलेली असेल तर ती अंतिम. खालचे आकडे साध्या खनिज गिअर ऑइलसाठी आहेत आणि मी इतकी वर्षे धुळ्यात जे बघत आलो त्यावरून सांगतो. सपाट रस्त्यावर पूर्ण लोडमध्ये तेल हवेपेक्षा ३५ ते ५० अंश वर जाऊन स्थिरावते. लांब घाट चढून आल्यावर हा फरक ६० ते ७५ होतो. म्हणजे मे महिन्यातल्या ४४ अंशांत सपाटीला ८० ते ९५ आणि घाटमाथ्यावर १०५ ते १२० दिसणे चालण्यासारखे आहे, मात्र घाटानंतर अर्ध्या-पाऊण तासात आकडा खाली यायला हवा. सपाटीला लागूनही तो ११० च्या वर रेंगाळत असेल तर कारण शोधायचे. १२० च्या वर सतत चालणारी गाडी त्या फेरीत मोडत नाही, पण तेल आणि सील (तेल अडवणारी रबरी कडी) खाते. तापमान दर १० अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा तेलवाल्यांचा जुना ठोकताळा आहे आणि तो अनुभवाला उतरतो. साधे नायट्राइल रबराचे सील १००-११० च्या वर सतत राहिले की कडक होतात आणि पिनियनच्या तोंडातून पाझर सुरू होतो. तेल कमी झाले की ते आणखी तापते. १३५-१४० दिसले तर मात्र पुढचा ढाबा बघू नका, सुरक्षित जागा मिळेल तिथे थांबा.

तुमच्या मीटरच्या प्रश्नाकडे येतो. सुरुवात टेंपरेचर गनने करा. हातात धरून लाल ठिपका मारायची ती बंदूक कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पण ती वापरायची एक रीत आहे. बंदूक लोखंडाचा पृष्ठभाग वाचते, तेल नव्हे. पृष्ठभाग तेलापेक्षा ५ ते १५ अंशांनी थंड असतो. चकचकीत धातूवर ती साफ खोटे बोलते, १०० अंशांच्या घासलेल्या ॲल्युमिनियमला ५० दाखवेल. म्हणून हौसिंगच्या खालच्या भागात, जिथे आत तेल साचलेले असते तिथे, हाताच्या पंजाएवढी जागा खरवडून साफ करा आणि काळ्या मॅट रंगाचा हात मारा. नेहमी त्याच ठिपक्यावर, वीतभर अंतरावरून, गाडी थांबल्यापासून दोन-तीन मिनिटांत माप घ्या. सायलेन्सरचा पाइप जवळून जात असेल तर त्याच्या विरुद्ध बाजूची जागा निवडा.

एकाच ठिकाणी मारून थांबू नका. सहा ठिकाणी मारा: मधला पोटाचा भाग, पिनियनचे नाक म्हणजे जिथे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचा जॉइंट जोडला जातो ती जागा, डावे-उजवे हब म्हणजे चाकांचे मध्य, आणि एक्सलच्या डाव्या-उजव्या नळीचा मध्य. पोट ९० आणि नाक ११५ असेल तर पिनियनच्या बेअरिंगकडे संशय जातो. पोट ८० आणि एकाच बाजूचे हब १४० असेल तर डिफरन्शियलचा काही दोष नाही. त्या बाजूचा ब्रेक धरतो आहे किंवा हबचे बेअरिंग गेले आहे. सेंधव्याकडून पळासनेरला उतरलेल्या गाडीचे दोन्ही हब ब्रेक ड्रममुळे तापलेले असतात आणि ती धग नळीतून मध्यापर्यंत सरकत येते. उतरल्यावर घेतलेल्या मापावरून डिफरन्शियलला दोष देऊ नका. कित्येक गाड्या 'डिफरन्शियल तापते' म्हणून येतात आणि काम निघते ब्रेक ॲडजस्टरचे.

बंदूकही नसेल तर पाण्याचा थेंब चालतो. साफ लोखंडावर बोट ओले करून शिंपडा. थेंब नुसता पसरून सुकत गेला तर पृष्ठभाग शंभराच्या आत आहे. पडताक्षणी चर्र करून उडाला तर शंभराच्या वर. ही चाचणी फक्त थेंबाची. तापलेल्या हौसिंगवर बाटली ओतायची नाही, ते का ते पुढे येते.

कायमचा मीटर बसवायचा की नाही, हे गाडीच्या कामावर आहे. आठवड्याला दोनदा घाट चढणाऱ्या गाडीला मी बसवा म्हणेन. केबिनमध्ये काटा आणि हौसिंगमध्ये सेन्सर, एवढेच ते काम, पण बसवणारे घाई करतात. सेन्सर तेलात बुडालेला पाहिजे. लेव्हल प्लगच्या, म्हणजे तेलाची पातळी बघायच्या बुचाच्या, जागी बसवला तर तो तेलाच्या काठावर येतो. तेल थोडे कमी झाले की तो हवेत उघडा पडतो आणि नेमके तेल कमी असतानाच काटा कमी तापमान दाखवतो. यापेक्षा मीटर नसलेला बरा. खालच्या, तेल काढायच्या ड्रेन प्लगच्या जागी बसवला तर तेलात राहतो, पण दगडाच्या माऱ्यात येतो. कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्या गाडीचा सेन्सर तुटला तर सगळे तेल रस्त्यावर. मी मागच्या कव्हरच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात वेगळा बॉस, म्हणजे आटे पाडलेला तुकडा, वेल्ड करून घेतो, क्राऊनपासून पुरेसे अंतर आहे ना हे आधी मोजून. वेल्डिंग कव्हर काढून टेबलावर करायचे, गाडीवर नाही, आणि कव्हर बसवण्याआधी आतली छर, म्हणजे लोखंडाचा चुरा, पूर्ण धुवायची. एकाच वायरचा सेन्सर असेल तर त्याची अर्थिंग आट्यांतूनच होते. तिथे पांढरी टेप गुंडाळली की अर्थिंग बिघडते आणि काटा कमी दाखवतो. तांब्याचा वॉशर वापरा. वायर ब्रेकच्या नळीसोबत न्या आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर-खाली हालचालीला पुरेल एवढी ढील ठेवा. हौसिंगमध्ये बसवण्याआधी सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवून काटा शंभराच्या आसपास जातो का, हे बघितल्याशिवाय त्या मीटरवर विश्वास टाकू नका.

आणि वही ठेवा. तारीख, वेळ, हवा, लोड, माप. तुमच्या रस्त्यावर चार जागा ठरवून टाका: घाटाआधी पळासनेर, घाट चढल्यावर सेंधवा, सपाटीनंतर खलघाट आणि पुढची चढण संपल्यावर मानपूर. चार-पाच फेऱ्यांत तुमच्या गाडीची स्वतःची रेघ तयार होईल. मग एक दिवस सेंधव्याला नेहमी ६५ चा फरक असतो तो ८० आला, लोड तेवढाच, हवा वजा केलेली, तर समजा आत काहीतरी बदलले आहे. तो बदल आवाज येण्याच्या कितीतरी आधी दिसतो. घरात सारख्या दोन गाड्या असतील आणि एकाच मार्गावर जात असतील तर काम आणखी सोपे. एकीचे माप दुसरीला ताडून बघता येते.

समजा तुमची नोंद खरोखरच जास्त निघाली, तर कुठून सुरू करायचे? लेव्हलपासून. गाडी सपाट जागेवर, तेल निवलेले, लेव्हल प्लग उघडून बोट आडवे घालायचे. तेल भोकाच्या खालच्या काठाला लागले पाहिजे. कमी असेल तर क्राऊनला पुरेसे तेल उचलता येत नाही आणि पिनियनचे पुढचे बेअरिंग कोरडे पडते. जास्त असेल तर ते घुसळून फेस होतो, आणि फेसात वंगण नसते, उष्णता मात्र भरपूर. 'थोडे जास्त असलेले बरे' असे म्हणून वाकड्या जागेवर उभ्या गाडीत तेल भरणारे खूप आहेत. एका गाडीवाल्याने माझ्याकडे येऊन अहिराणीत सांगितले होते, 'तेल बराबर शे, तरी बी तपस.' प्लग उघडला तर लिटर-दीड लिटर बाहेर वाहिले. तेवढे काढल्यावर पुढच्या फेरीत तापणे थांबले.

लेव्हलनंतर ब्रीदर. हौसिंगच्या वर टोपीसारखे छोटे नळकांडे असते, त्याकडे कोणाचे लक्ष नसते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन त्यावर बसते आणि हिवाळ्यात दगड होते. ब्रीदर बंद झाला की आतली हवा अडकते. ३० अंशांची हवा ११० वर गेली की बंद जागेत दाब सुमारे पावपट वाढतो, म्हणजे जवळपास ४ पीएसआय. तेवढा दाब सीलच्या ओठातून तेल बाहेर ढकलायला पुरे आहे. मग सील बदलतात, पुन्हा गळते, पुन्हा बदलतात. उलट बाजूही तितकीच वाईट. तापलेली गाडी नाल्याच्या पाण्यात शिरली, किंवा कोणी निववायला पाणी ओतले, की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ, चहासारखे दिसले तर हेच झाले आहे. ते तेल एक दिवसही ठेवू नका. शिवाय तापलेल्या ओतीव लोखंडावर एकदम गार पाणी म्हणजे तडा जाण्याला आमंत्रण. पाणी ओतू नका, हे एवढ्यासाठीच सांगितले.

ब्रीदरसोबत हौसिंगही धुऊन घ्या, पण गार असताना. तेल, धूळ आणि काळ्या मातीचा बोटभर थर कित्येक गाड्यांवर असतो. तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही. शेतातून केळी भरणाऱ्या गाड्यांना हे जास्त लागू.

आता तेल काढून बघा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर काळी मलमासारखी राख दिसेल. ती नेहमीची आहे, घाबरू नका. त्यात चमकणारे कण, पापुद्रे किंवा दाताचा तुकडा सापडला तर मात्र गाडी उघडायची. नव्या जीएल-५ दर्जाच्या गिअर ऑइललाही गंधकाचा उग्र वास असतो, त्यामुळे वासावरून तेल जळाले असे ठरवू नका. जळालेल्या तेलाचा रंग काळा पडतो आणि दोन बोटांत चोळले तर बुळबुळीतपणा गेलेला जाणवतो.

यापुढचे कारण आमच्याच मिस्त्री लोकांमुळे तयार होते, म्हणून त्यावर थोडे जास्त लिहितो. पिनियनची बेअरिंगे ठरावीक ताणाने आवळावी लागतात. सैल राहिली तर दात हलतात आणि आवाज करतात, जास्त आवळली तर जळतात. पिकअप आणि जीपमध्ये बऱ्याचदा दोन बेअरिंगांच्या मध्ये चेपणारी स्लीव्ह असते. नट आवळताना ती चेपत जाते आणि ताण बसतो. गळती दिसली की मिस्त्री नट काढतो, नवे सील ठोकतो आणि एअर गनने नट कचकचून आवळतो. स्लीव्ह आणखी चेपते, ताण दुप्पट होतो, आणि दोन दिवसांनी गाडी परत येते: गळती बंद आहे पण नाक तापते. सील बदलायचे असेल तर नट काढण्याआधी नट, शाफ्ट आणि फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) यांवर पंचने खूण करा आणि बसवताना त्याच खुणेवर आणा. संशय असेल तर नवी स्लीव्ह टाका. पूर्ण बांधणी करताना फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढा आणि पिनियन एकसारखे फिरायला किती जोर लागतो ते पुस्तकातल्या आकड्याशी मिळवा. 'हाताला बरोबर लागते' हे माप नव्हे. दातांना पिवळी पेस्ट लावून ठसा बघणेही तितकेच गरजेचे. ठसा दाताच्या टोकाला किंवा मुळाशी पडत असेल तर दाब थोड्या जागेवर येतो आणि तीच जागा तापते.

नव्या बांधणीची गाडी पहिले काही दिवस जास्त तापते, हे गृहीत धरा. नवीन बेअरिंग आणि दात बसायला वेळ लागतो. पहिली फेरी अर्ध्या लोडची, पंधरा-वीस मिनिटे चालवून थांबायचे, माप घ्यायचे, पुढे जायचे. पहिले तेल लवकर बदलायचे, कारण बसताना निघालेली छर त्यातच असते. नवी बांधणी करून त्याच रात्री पूर्ण लोडने कोंडाईबारी किंवा बिजासन घाट चढवली तर ती जोडी किती टिकेल याची खात्री मी देणार नाही.

टायरबद्दलही विचारतात. एका बाजूला नवी जोडी आणि दुसऱ्या बाजूला घासलेली असली की व्यास वेगळा होतो आणि सरळ रस्त्यावरही स्पायडर गिअर, म्हणजे दोन्ही बाजूंना वेगळ्या वेगाने फिरू देणारे आतले छोटे गिअर, सतत फिरत राहतात. साध्या डिफरन्शियलमध्ये याने हौसिंगचे एकूण तापमान फार वाढत नाही. झीज होते ती त्या गिअरांमागच्या थ्रस्ट वॉशरची आणि ते ज्यावर फिरतात त्या क्रॉसची. पण दोन्ही चाकांना एकत्र जखडणारा डिफ लॉक लावलेला राहिला, किंवा दोन ओढणाऱ्या एक्सलच्या टिपरमध्ये मधला लॉक काढायचा विसरला, तर डांबरी रस्त्यावर दोन्ही बाजू एकमेकींशी भांडतात आणि तापमान झपाट्याने चढते. लॉक फक्त चिखलात. टिपरवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: दोन एक्सलपैकी पुढचा नेहमी थोडा जास्त तापतो, कारण मागच्याची ताकदही त्यातूनच जाते. तो फरक दोष नव्हे.

आता १४० नंबर. ९० ग्रेडचे तेल १०० अंशांवर १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक जाड असते, १४० ग्रेडचे २४ ते ३२.५. ढोबळ हिशेबाने ११० अंशांवरचे ८५डब्ल्यू-१४० (हेच १४० नंबर) हे ९० अंशांवरच्या ८०डब्ल्यू-९० (हेच ९० नंबर) एवढे जाड भरते. म्हणजे घाटात दातांमधला थर टिकवायला ते खरोखर मदत करते. त्याची किंमत सपाटीला मोजावी लागते, कारण जाड तेल घुसळायला ताकद जास्त लागते; ॲव्हरेज थोडे पडते आणि कधी कधी सपाटीचे तापमान उलट दोन-चार अंश वाढते. हिवाळ्यात धुळ्याची पहाट ७-८ अंशांवर येते, तेव्हा ते निवांत हलते आणि पुढच्या बेअरिंगपर्यंत पोहोचायला वेळ घेते. माझे मत असे: पुस्तक परवानगी देत असेल, गाडी कायम पूर्ण लोडने घाट चढत असेल आणि बाकी सगळे तपासून झाले असेल, तर उन्हाळ्यापुरते ८५डब्ल्यू-१४० जरूर टाका. पण ताण जास्त आवळलेला, ब्रीदर बंद आणि वर १४० टाकून आकडा खाली आला, तर रोग झाकला जातो. क्रम उलटा करू नका. खर्चाची तयारी असेल तर सिंथेटिक तेल दोन्हीकडे चांगले. उष्णतेत टिकते आणि थंडीतही वाहते.

तेल जीएल-५ च घ्या, हायपॉइड दातांना तेच लागते. सुटे, ड्रममधले, नाव नसलेले तेल स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. आणि उरलेले जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतू नका. जिथे पुस्तक जीएल-४ म्हणते तिथे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा असतात आणि जीएल-५ मधले गंधक त्यांना खाऊ शकते. बदलाचे अंतर पुस्तकात असते ते साध्या कामासाठी. रोजच्या घाटाच्या कामाला मी ते निम्मे धरतो.

रस्त्यात आकडा वर गेला तर काय? इंजिनासारखे गाडी चालू ठेवून निववण्याचा इथे काही उपयोग नाही. चाके थांबली की उष्णता तयार होणे थांबते. पण उभ्या गाडीवर वारा नसतो, म्हणून निवायला तासभर सहज लागतो. सपाट रस्ता समोर असेल आणि आकडा १२० च्या आसपास असेल, तर हलक्या पायाने ४०-५० च्या वेगात चालवत राहणे उभे राहण्यापेक्षा लवकर निववते. समोर आणखी चढण असेल तर थांबा. दुपारी बारा ते चार घाट टाळता आला तर तेवढ्यानेच १०-१२ अंश वाचतात. केळीसाठीही तेच बरे. ओव्हरलोडबद्दल लांबण लावत नाही: पासिंगपेक्षा दोन टन जास्त भरले तर चढताना उष्णता त्याच प्रमाणात वाढते आणि चढायला वेळही जास्त लागतो, म्हणजे दुहेरी मार.

धडगाव, तोरणमाळ, चांदसैली घाटात चालणाऱ्या जीप-पिकअपवाल्यांसाठी दोन ओळी. तुमच्या डिफरन्शियलमध्ये तेल जेमतेम दीड-दोन लिटर असते. ते ट्रकपेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून थांबताक्षणी माप घ्या. दहा मिनिटांनी घेतलेले माप काही सांगणार नाही. एवढ्या थोड्या तेलात पाव लिटरची कमीही मोठी असते, त्यामुळे लेव्हल महिन्यातून एकदा बघाच. ट्रॅक्टरमध्ये बहुतेक ठिकाणी डिफरन्शियल, गिअर, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक यांचे तेल एकच असते. तिथे तापमान वाढले तर आधी हायड्रॉलिक आणि ब्रेक बघा, आणि त्यात ९० किंवा १४० नंबर चुकूनही ओतू नका. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान मोटारींत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असते, त्यामुळे त्यांना वेगळे काही करायचे नाही.

भाऊ, तुम्ही आधी लेव्हल आणि ब्रीदर बघा, हौसिंग धुवा, काळा ठिपका मारा. पुढच्या दोन फेऱ्यांची पळासनेर, सेंधवा, खलघाट आणि मानपूरची मापे लिहून पाठवा. प्रत्येक ठिकाणी पोट, नाक आणि दोन्ही हब, सोबत त्या वेळची हवा आणि वजनकाट्याची पावती. सेंधव्याचा फरक ७५ च्या आत असेल आणि खलघाटला ५० च्या आसपास उतरत असेल, तर तुमच्या पहिल्या मिस्त्रीचेच म्हणणे बरोबर. नाक पोटापेक्षा २० ने जास्त निघाले तर गाडी रिकामी असताना घेऊन या, स्प्रिंग काटा लावून ताण बघू.